भिंत, हुंडा आणि पगार

कर्जत-खालापूर भागात सिस्टर दिसते ती बहुधा वाटेवर. खोपोली लोकलच्या डब्यात, चौकच्या नाक्यावर एसटीची वाट बघताना, नाहीतर पावसाळ्यात एखाद्या ठाकरवाडीच्या चढणीवर. अंगावर फिकी सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस, खांद्याला पिशवी. आपण सरकून तिला जागा करून देतो, ‘काय सिस्टर, कुठे?’ म्हणून विचारतो, आणि तिथेच थांबतो. ती कुठल्या गावची, तिला इथे कोणी धाडलं, तिचा पगार कोणाच्या खात्यात जमा होतो, उद्या गुडघे गेले की तिला कोण बघणार, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही. शेजारच्या बाईला पहिल्या भेटीत माहेर, सासर आणि नवऱ्याची नोकरी विचारणारे आपण सिस्टरला मात्र सोडून देतो.

तिच्याविषयीची मतं मात्र तयार असतात, आणि ती दोनच. एक, सिस्टर म्हणजे देवमाणूस, तिच्या त्यागाविषयी हात जोडून बोलावं. दुसरं, सिस्टर म्हणजे बाटवायला आलेली, तिच्यावर नजर ठेवावी. दोन्ही मतांची सोय अशी, की धरणाऱ्याला पुढे काही शोधावं लागत नाही. हे पुस्तक लिहिताना मी तिसरी वाट धरली आहे. कॅथलिक भगिनीसंघांचा इतिहास मी त्यांच्या संतचरित्रांतून न वाचता त्यांच्या हिशेबातून वाचला: आत यायला काय भरावं लागे, आत आल्यावर भांडी कोण घासत असे, जमीनजुमला कोणाच्या नावावर होता, आणि बाहेर पडणारीच्या हातात काय पडे. हे प्रश्न रूक्ष वाटतील. पण घराची खरी ओळख देवघरापेक्षा कोठीघरात लवकर होते, हे कुठल्याही सुनेला ठाऊक असतं.

आपल्या दोन तालुक्यांत जुनी ख्रिस्ती गावं का नाहीत, हे आधी सांगितलं पाहिजे. पोर्तुगीज सत्ता किनाऱ्याला धरून राहिली. वसई, साष्टी, चौल, कोर्लई इथे तिने चर्च बांधली, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. उल्हास आणि पाताळगंगेच्या वरच्या खोऱ्यात तिचा हात पोचला नाही. आमच्याकडे ख्रिस्ती माणूस मुख्यतः रेल्वेबरोबर आला. १८५६ मध्ये रूळ खोपोलीला पोचले, १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडे गेले, आणि घाटाच्या दोन्ही अंगांच्या रेल्वे वस्त्यांत गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं राहू लागली. माथेरानला चर्च झाली ती हवा खायला येणाऱ्यांसाठी. चर्चच्या कारभारात रायगड जिल्हा आजही मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो. म्हणून आमच्याकडच्या सिस्टरचा इतिहास कर्जतमध्ये सापडत नाही. तो शोधायला एकीकडे अंधेरीला आणि दुसरीकडे पार जुन्या गोव्याला जावं लागतं.

गोव्यापासूनच सुरुवात करतो. जुन्या गोव्यात मोंती सांतो नावाच्या टेकडीवर, संत अगुस्तीनच्या पडक्या मनोऱ्यासमोर, चिऱ्याची एक प्रचंड तिमजली इमारत आहे. तो सांता मोनिका मठ. पूर्वेकडचा हा पहिला ख्रिस्ती स्त्रीमठ. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी २ जुलै १६०६ रोजी त्याचा पाया घातला आणि बांधकाम १६२७ पर्यंत चाललं. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता, तेव्हा गोव्यात शंभराच्या घरात बायका एका छपराखाली मठाच्या नियमाने राहायला लागल्या होत्या. मधे चौक, भोवती ओवऱ्या, बाहेरच्या जगाशी बोलायचं ते जाळीच्या खिडकीतून. एकदा दार लागलं की त्या बाईने जिवंतपणी बाहेर पाऊल टाकायचं नाही.

आत येताना हुंडा लागे. हो, हुंडाच. येशूची वधू म्हणवून घ्यायचं तरी बापाने रक्कम मोजल्याखेरीज सोयरीक जुळत नसे. गोव्यातल्या पोर्तुगीज सरदार-अधिकाऱ्यांना हे परवडे, कारण बरोबरीच्या घरात मुलगी द्यायची तर लागणारा हुंडा याहून मोठा असे. चार मुलींच्या बापाने दोघींना उजवावं आणि दोघींना मठात धाडावं, हे गणित लिस्बनमध्ये चाले तसं गोव्यातही चाललं. नवरे आरमारात आणि किल्ल्यांवर मरत असल्यामुळे विधवाही पुष्कळ होत्या. पहिली मठाधिकारीण स्वतः विधवा होती, आणि तिच्या मुलीनेही तिच्याबरोबरच व्रत घेतलं. ज्यांना मठ परवडत नसे अशा अनाथ मुलींसाठी आणि ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी मेनेझिस यांनी वेगळे निवारे काढले. बायकांची अशी प्रतवारी करून त्यांना वेगवेगळ्या भिंतींमागे ठेवण्याची त्या काळाला भारी हौस.

मठाच्या आतही प्रतवारी होतीच. काळ्या ओढणीच्या भगिनी प्रार्थनाघरात बसून लॅटिन स्तोत्रं म्हणत आणि मठाच्या निवडणुकीत मत देत. पांढऱ्या ओढणीच्या भगिनींकडे खालचं काम आणि खालचा मान. त्यांच्याही खाली दासी. पहिल्या पायरीवर बहुतेक पोर्तुगीज रक्ताच्या, आणि जसजसं खाली यावं तसतसा वर्ण सावळा होत जाई. ख्रिस्ती झाल्याने जात गेली असं समजणाऱ्याने सांता मोनिकाचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणावं. बिबिंक हा थरांचा गोड पदार्थ याच मठातल्या बिबियाना नावाच्या भगिनीने पहिल्यांदा केला अशी गोव्यात दंतकथा आहे. कपड्यांना खळ घालायला अंड्यांतलं पांढरं वापरलं जाई आणि पिवळ्या बलकांचं काय करायचं म्हणून गोडधोड निघे, असंही सांगतात. कथा खरी असो-नसो, नारळाचं दूध काढणारे आणि तासन्‌तास निखाऱ्यांपाशी बसणारे हात बिबियानाचे एकटीचे नसणार एवढं नक्की.

सांता मोनिकाविरुद्ध सर्वांत कडवट तक्रार कोणी केली? शहराच्या नगरसभेने, म्हणजे ख्रिस्ती पुरुषांनीच. त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे गाऱ्हाणं नेलं, की हा मठ लग्नाच्या मुली गिळतो आणि त्यांच्याबरोबर इस्टेटीही गिळतो. माड-पोफळीच्या बागा, घरं, व्याजाचा पैसा मठाच्या नावावर चढत होता, आणि मठाला वारस नसल्यामुळे तो पुन्हा बाजारात येत नव्हता. वर्षानुवर्षं हा वाद चालला. मला या भांडणात फार रस वाटतो. भक्ती, शील, परंपरा असे शब्द दोन्ही बाजूंनी वापरले गेले, पण खरा प्रश्न बायकांच्या हाती मालमत्ता राहावी का, हाच होता. १६३६ मध्ये मठातल्या क्रूसावरच्या मूर्तीने डोळे उघडले असा चमत्कार जाहीर झाला, आणि त्यानंतर मठाची पत वाढली. चमत्काराची वेळ मठाला सोयीची होती, इतकंच म्हणून पुढे जातो.

१८३४ मध्ये पोर्तुगालने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले. स्त्रीमठ बंद केले नाहीत, फक्त नवी मुलगी घ्यायला मनाई केली. होत्या त्या म्हाताऱ्या होत गेल्या आणि सांता मोनिकाची शेवटची भगिनी १८८५ मध्ये वारली. पुढे १९६४ मध्ये त्याच इमारतीत मातेर देई ही भगिनींना धर्मशिक्षण देणारी संस्था सुरू झाली, आणि २००२ मध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय राशोलहून तिथे आलं.

मठाला एवढी भिंत का, याचं उत्तर रोममध्ये आहे. पोप पाचवे पायस यांनी १५६६ मध्ये फर्मान काढलं की गंभीर व्रत घेतलेल्या प्रत्येक स्त्रीने बंदिस्त मठातच राहावं. नवरा नाहीतर भिंत, असं त्या काळच्या युरोपात म्हणतच. ज्या बायकांना रुग्णसेवा किंवा शिकवण्याचं काम करायचं होतं त्यांनी पळवाट शोधली. फ्रान्समध्ये १६३३ साली निघालेल्या व्हिन्सेंट द पॉल यांच्या संघातल्या बायकांनी कायमची व्रतं घेतलीच नाहीत, दर वर्षी नव्याने घेतली. कायद्याच्या भाषेत त्या ‘नन’ ठरल्या नाहीत, म्हणून रस्त्यावर फिरू शकल्या. अशा संघांना पूर्ण मान्यता मिळायला १९०० साल उजाडावं लागलं. आज आपण जिला सहज नन म्हणतो ती आपली सिस्टर या पळवाटेची वारसदार आहे. तिचं घर मठ नव्हे. त्याला कुलूप असतं, पण ते चोरासाठी.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्स-बेल्जियममध्ये असे संघ पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखे उगवले. क्रांतीने जुने मठ मोडले होते, कारखान्यांच्या गावांत पोरं उघड्यावर होती, आणि शिकलेल्या अविवाहित बाईला दुसरी वाट नव्हती. यांपैकी आपल्या कामाचा संघ एकच, क्रूसकन्यांचा. बेल्जियममधल्या लीएज शहरात जान आझ या बाईंनी तो १८३३ मध्ये स्थापला. १८६२ मध्ये त्याच्या भगिनी कराचीला उतरल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिथून मुंबई, पाचगणी असा त्यांच्या शाळांचा पसारा वाढला. या शाळांनी काय केलं आणि कोणासाठी केलं, याची चर्चा पुस्तकात सविस्तर आहे. इथे एवढंच, की शाळेची फी आणि अनाथालय हे एकाच घराचे दोन खिसे होते: एका खिशातलं दुसऱ्यात जाई. गोऱ्या साहेबाची आणि श्रीमंत पारशाची मुलगी पियानो शिके त्या पैशावर मागच्या आवारातल्या पोरक्या मुलीला पेज मिळे. हे चांगलं का वाईट, यावर भगिनींमध्येच पुढे कडाक्याची भांडणं झाली.

अंधेरीच्या वीरा देसाई रोडवर क्रूसकन्यांचं सेंट कॅथरिन्स होम आहे. तिथे आना हुबेर्टा रोगेनडॉर्फ नावाची जर्मन भगिनी काम करत होती. टाकलेली तान्ही मुलं, पोरक्या मुली यांची रांग संपत नव्हती आणि हात कमी होते. १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना आणि इंग्रजांच्या राज्यात जर्मन माणूस शत्रुपक्षाचा गणला जात असताना, तिने भारतीय मुलींचा एक नवा संघ उभा केला. तो मरियेच्या साहाय्यकांचा संघ, ‘हेल्पर्स ऑफ मेरी’. मदर तेरेसांच्या संघाला मान्यता मिळाली १९५० मध्ये. त्याच्या आठ वर्षं आधी मुंबईत हे घडलं होतं, हे मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असतं. या भगिनी झोपडपट्ट्यांत गेल्या, कुष्ठरोग्यांत गेल्या. वर्सोव्याचं विमला रुग्णालय त्यांचंच.

हुंड्याचा धागा इथे पुन्हा हाती येतो. १९१७ च्या चर्च-कायद्यात मठात येणाऱ्या स्त्रीचा हुंडा हे रीतसर कलम होतं. रक्कम गुंतवायची, ती जिवंत असेपर्यंत मोडायची नाही, सोडून गेली तर परत द्यायची. १९८३ च्या नव्या संहितेत हे कलम नाही. त्याच्या चाळीस वर्षं आधी अंधेरीत जी घरं उभी राहत होती त्यांना हुंड्याची सोय नव्हतीच. पैसा आला तो दुसरीकडून. बॉन शहरातल्या रोझी गोलमान या शिक्षिकेने अंधेरीच्या मुलांविषयी वाचलं, आपल्या विद्यार्थिनींना हाताशी धरून मदत गोळा करायला सुरुवात केली आणि १९६७ मध्ये ‘अंधेरी-हिल्फे’ नावाची संस्था काढली. सतराव्या शतकात गोव्याच्या सरदाराने मोजलेली रक्कम आणि विसाव्या शतकात जर्मन शाळकरी मुलींनी जमवलेली चिल्लर, या दोन टोकांमध्ये भगिनीसंघांचा सगळा आर्थिक इतिहास बसतो. परदेशी पैशाचीही एक किंमत असते, दात्याला हवे तसे अहवाल आणि हवे तसे फोटो द्यावे लागतात. पण तो विषय वेगळ्या प्रकरणाचा.

सिस्टर होते कशी? आधी एक-दोन वर्षं ‘बघायला’ म्हणून राहणं. मग उमेदवारी. मग नोव्हिशिएट, म्हणजे नवदीक्षेचा काळ: वय किमान सतरा पूर्ण, मुदत किमान बारा महिने. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांची पहिली शपथ, तीही तात्पुरती. ती तीन ते सहा वर्षं, फार तर नऊ वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यायची. एकविशीच्या आत कायमची व्रतं घेता येत नाहीत. म्हणजे आपल्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात अर्ध्या तासात आयुष्य ठरतं, त्या मानाने इथे विचाराला बरीच सवड दिली आहे. तीन व्रतांतलं कुठलं जड, असं विचारलं तर बाहेरच्या माणसाला ब्रह्मचर्य वाटतं. ज्या भगिनींशी माझं मोकळं बोलणं झालं त्यांच्यापैकी बहुतेकींनी आज्ञापालन म्हटलं. एक जण म्हणाली, ‘बदलीचं पत्र येतं ना, तेव्हा कळतं.’ दहा वर्षं ज्या वाडीत बाळंतपणं केली, जिथल्या पोरींना अक्षरं शिकवली, तिथून दोन बॅगा भरून निघायचं. तक्रार करता येते, पण पत्र सहसा बदलत नाही.

भगिनींच्या एका लहान घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला पाळीचा तक्ता होता. वार, नाव, काम. सोमवारी भाजी चिरणारीण एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि त्याच दिवशी संडास धुण्याची पाळी त्या घराच्या प्रमुख भगिनीची. तक्त्याखाली खिळ्याला अडकवलेली वही: दूध, गॅस, रिक्षा, एकीच्या चपला, दुसरीच्या दाताचं औषध. महिनाअखेर बेरीज संघाच्या प्रांत-कार्यालयात जाते. एक भगिनी मंगळुरी, एक वसईची, एक केरळची आणि सर्वांत धाकटी झारखंडची. कालवणात कोकम घालायचं की चिंच की कुडंपुळी, यावर जी चर्चा चालली होती ती कुठल्याही परिषदेत शोभली असती. सांता मोनिकाच्या काळ्या-पांढऱ्या ओढण्या आठवल्या तर हा तक्ता म्हणजे लहानसहान गोष्ट नाही. अर्थात सगळ्याच घरांत तक्ता इतका सरळ नसतो. आदिवासी किंवा दलित घरातून आलेल्या भगिनींच्या वाट्याला काय येतं, यावर संघांच्या आतच आता उघड बोललं जातं, आणि बोललं गेलं पाहिजे.

पहाटेची प्रार्थना, ध्यान, मिस्सा, न्याहारी, काम, संध्याकाळची जपमाळ, सगळ्यांनी एकत्र जेवण, मग थोडा वेळ गप्पा नाहीतर टीव्हीवरच्या बातम्या: दिवस असा जातो. यातल्या मिस्सेसाठी, म्हणजे वेदीवरच्या उपासनेसाठी, पुरुष लागतो. सगळं घर बायका चालवतात, आपल्या प्रमुखाची निवड गुप्त मतदानाने करतात, आणि हे मतदान बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळण्याच्या शतकानुशतकं आधीपासून चालू आहे. पण वेदीवर मात्र फादर आल्याशिवाय काही होत नाही. पावसात तो अडकला तर मिस्सा नाही.

१९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि तिने संघांना सांगितलं, की आपला मूळ उद्देश पुन्हा तपासा. तपासल्यावर अनेक भगिनींना शहरातल्या फीवाल्या शाळा खुपू लागल्या. काही जणी अंगरखा सोडून साडीत आल्या, मोठं कॉन्व्हेंट सोडून तीन-चार जणींनी खेड्यात खोली घेतली. तलासरीपासून नंदुरबारपर्यंत आणि इकडे रायगडच्या डोंगराळ पट्ट्यात सिस्टर पोचली ती या लाटेबरोबर. कर्जत-खालापूरच्या वाचकाला तिथली परिस्थिती सांगायला नको. भात झोडून झाला की कातकरी कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातं, मुकादमाची उचल आधीच खाऊन झालेली असते, आणि पोरांची शाळा त्याच दिवशी सुटते. अशा ठिकाणी बालवाडी, वसतिगृह, दवाखाना किंवा बचत गट काढणं म्हणजे कोणाच्या तरी व्याजावर पाय देणं. मध्य प्रदेशात उदयनगर भागात राणी मारिया ही भगिनी आदिवासींना सावकारापासून सोडवून बँकेकडे नेत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात तिचा खून झाला. धर्मांतराची कुजबुज अशा वेळी हमखास सुरू होते. ती नेहमीच खोटी असते असं मी म्हणणार नाही. पण ती कोणाच्या ओट्यावर सुरू होते हेही बघावं.

आता पगार. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या भगिनीला सरकारी वेतनश्रेणीप्रमाणे पगार मिळतो. दारिद्र्याच्या व्रतामुळे तो ती ठेवत नाही, संघाच्या खात्यात जातो. म्हणून १९४४ पासून या पगारावर कर कापला जात नसे. पुढे आयकर खात्याने हात घातला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. संघांच्या बाजूने युक्तिवाद झाला, की कायमची व्रतं घेतलेली बाई कायद्याने मृत धरली पाहिजे, तिला स्वतःचं उत्पन्नच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने हे नाकारलं. पगार तिच्या नावाने निघतो, मग ती तो कोणालाही देवो, कर कापला जाईल. हा निकाल आल्यावर अनेक ठिकाणी नाराजी होती. मला मात्र त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. ज्या बाईला तिचा स्वतःचाच संघ कोर्टात मृत ठरवू पाहत होता, तिला आयकर खात्याने जिवंत ठरवलं.

हा विनोद नाही, कारण संघ सोडणाऱ्या भगिनीचा प्रश्न इथेच येतो. चर्च-कायदा सांगतो, की बाहेर पडणाऱ्या सदस्याला केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येणार नाही, संघाने मात्र तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं. प्रेमाचं मोजमाप कायद्यात दिलेलं नाही. पंचवीस वर्षं पगार जमा करून बाहेर पडलेल्या बाईला कुठे शिलाई मशीन मिळालं, कुठे बऱ्यापैकी रक्कम, कुठे नुसता आशीर्वाद. काही संघांनी अलीकडे यासाठी लेखी नियम केले आहेत.

आणि ज्या राहतात त्या म्हाताऱ्या होताहेत. वसईच्या घरांत आता एक किंवा दोन मुलं असतात, मुली इंजिनिअर होतात, नर्सिंग करून परदेशी जातात. पूर्वी पाच भावंडांतली एक सिस्टर व्हायची, ते आता क्वचित घडतं. नव्या मुली येतात त्या मुख्यतः छोटानागपूर, ओडिशा, ईशान्य भारत इथून. म्हणजे रायगडच्या ठाकरवाडीत उद्या जी सिस्टर येईल ती बहुधा स्वतः आदिवासी असेल, मराठी नव्याने शिकत असेल, आणि तिच्या पगारावर शहरातल्या आजारी म्हाताऱ्या भगिनींचं औषधपाणी चालत असेल. पहिल्या प्रकरणात अशाच एका घराचा वर्षभराचा जमाखर्च दिला आहे, नावं काढून. वाचकाने तो आकड्यांचा म्हणून ओलांडू नये. चर्चशी ज्याचा काही संबंध आलेला नाही त्यालाही त्यातली बरीच कलमं ओळखीची वाटतील.